मग ते हरले कसे? : 1/35 मापातल्या जर्मन रणगाड्यांची गोष्ट

बाहेर एवढा पाऊस असताना प्लास्टिकच्या रणगाड्यांबद्दल ऐकायला इतकी मंडळी आली, याचं आम्हाला खरंच अप्रूप वाटतंय. आम्ही चौघं मित्र गेली वीसेक वर्षं ही मॉडेल्स जोडतो. माईकसमोर एकच जण असला तरी आजचं बोलणं चौघांचं आहे, म्हणून 'आम्ही' म्हणतो. त्यात मोठेपणा काही नाही.

सुरुवात एका फजितीपासून करू. दोन वर्षांपूर्वी एका शाळेत आम्ही प्रदर्शन मांडलं होतं. एक लांब टेबल, त्यावर 19 मॉडेल्स, प्रत्येकापुढे नावाची चिठ्ठी. सहावीतला एक मुलगा बराच वेळ टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरत होता. मग आमच्यापाशी येऊन म्हणाला, "काका, मी मोजले. 19 मधले 14 जर्मन आहेत. यांच्याकडे एवढे भारी रणगाडे होते, मग ते हरले कसे?"

आमच्यातला एक म्हणाला, रशियातली थंडी. दुसरा म्हणाला, अमेरिका युद्धात उतरली. तिसऱ्याने पेट्रोलचा मुद्दा काढला. मुलाने मान हलवली आणि गेला. आमची उत्तरं अगदीच चुकीची नव्हती, पण त्याने विचारलं होतं वेगळंच. त्याने टेबलाकडे बघून प्रश्न विचारला होता. युद्धाबद्दल आमचं टेबल त्याला काहीतरी सांगत होतं आणि ते खोटं होतं. 14 मॉडेल्सपैकी एकही आम्ही चुकीचं जोडलेलं नव्हतं, तरीसुद्धा. हे असं कसं झालं, ते आज समजून घ्यायचं आहे.

ज्यांनी किट कधी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी आधी थोडं. खोका उघडला की आत प्लास्टिकच्या चौकटी निघतात. त्यांना स्प्रू म्हणतात. कैरी देठाला लटकावी तसे सुटे भाग त्या चौकटींना लटकलेले असतात. वितळलेलं पॉलिस्टायरीन पोलादी साच्यात दाबाने भरतात, ते थंड होऊन घट्ट होतं, की झाली चौकट तयार. आपण एकेक भाग कटरने काढायचा, देठाची खूण पॉलिश पेपरने घासायची आणि चिकटवायचं. हा गोंद फेव्हिकॉलसारखा नसतो. तो प्लास्टिक किंचित विरघळवतो आणि दोन भाग एकमेकांत मुरून एकजीव होतात. एकदा जोडलं की माघार नाही. शेवटी रंग, मग पाण्यात भिजवून सरकवायची चिन्हं, म्हणजे डिकल्स, आणि त्यावर चिखल-धूळ. आपल्याकडे पावसाळ्यात एक वेगळीच कटकट असते. हवेत दमट इतकं, की लॅकरचा रंग फवारला तर वाळताना त्यावर पांढुरकी साय धरते. त्यामुळे जून ते सप्टेंबर आम्ही फक्त जोडणी करतो. रंगकाम दिवाळीनंतर.

आता माप. 1/35 म्हणजे खऱ्या वस्तूच्या प्रत्येक मापाला 35 ने भागायचं. टायगर रणगाड्याची तोफेसकट लांबी साधारण 8.45 मीटर, म्हणजे मॉडेल 24 सेंटिमीटर. रुंदी सुमारे 3.7 मीटर, म्हणजे साडेदहा सेंटिमीटर. पुढचं चिलखत 100 मिलिमीटर जाड, ते इथे तीन मिलिमीटरच्याही आत येतं. पावणेसहा फुटी माणूस पाच सेंटिमीटरचा होतो, तुमच्या करंगळीएवढा.

पण 35 च का? 30 किंवा 40 का नाही? याचं उत्तर ऐकून आम्हीही चाट पडलो होतो. जपानमध्ये शिझुओका नावाचं शहर आहे, तिथली तामिया ही कंपनी. 1946 मध्ये लाकडाचा व्यवसाय म्हणून ती सुरू झाली, मग लाकडी मॉडेल्स करू लागली. प्लास्टिकची लाट आल्यावर 1960 मध्ये त्यांनी यामातो ही युद्धनौका काढली, आणि नेमकं त्याच वेळी स्पर्धकाचं स्वस्त यामातो बाजारात आलं. पहिलाच घास घशात अडकला. त्यातून सावरून एक-दोन वर्षांत त्यांनी जर्मन पँथर रणगाड्याचं किट आणलं. हे मॉडेल मोटरवर चालणारं होतं, त्यामुळे पोटात बॅटऱ्या मावायला हव्या होत्या. म्हणून रणगाड्याचं धड बॅटऱ्यांच्या हिशोबाने ठरलं. किट खपलं. नंतर मोजून पाहिलं तर ते खऱ्या पँथरच्या साधारण 1/35 भरलं. मग पुढची किट्सही त्याच मापात आली, बाकीच्या कंपन्याही त्याच वाटेने गेल्या आणि आज जगभर रणगाड्यांच्या मॉडेल्सचं मुख्य माप 1/35 आहे. ज्या मापाच्या अचूकतेवरून आम्ही तासन्‌तास वाद घालतो ते बॅटरीच्या आकारावरून आलेलं आहे!

इंग्लंडमध्ये त्याच सुमारास एअरफिक्स कंपनीनेही छोट्या, 1/76 मापात पँथरच काढला होता. हे लक्षात ठेवा. जपान आणि इंग्लंड, दोन्हीकडे सुरुवातीलाच जर्मन रणगाडा. तेव्हा युद्ध संपून पंधरा-सोळा वर्षंच झाली होती.

का बरं? एक कारण सरळ आहे, ते दिसायला देखणे होते. पँथरचं तिरकं चिलखत, लांबसडक तोफ, ठिपक्या-पट्ट्यांचं रंगकाम, हे खोक्यावरच्या चित्रात उठून दिसतं. तामियाच्या सुरुवातीच्या खोक्यांची चित्रं शिगेरू कोमात्सुझाकी या मोठ्या चित्रकाराने काढली होती आणि कित्येक मुलांनी किट घेतलं ते चित्र बघून. दुसरं कारण मोजमापाचं. मॉडेल करायचं तर खरी वस्तू मोजायला मिळाली पाहिजे. हरलेल्या सैन्याचं सामान जिंकणाऱ्यांच्या आवारात पडलेलं होतं, अमेरिकेत ॲबरडीनला आणि इंग्लंडमध्ये बॉव्हिंग्टनला. शुन्साकु तामिया साठच्या दशकात कॅमेरा घेऊन ॲबरडीनला गेले होते. बॉव्हिंग्टनला तर ट्युनिशियात 1943 च्या एप्रिलमध्ये पकडलेला टायगर 131 आहे, आजही चालू स्थितीत. 'फ्युरी' या 2014 च्या चित्रपटात दिसतो तो हाच. सोव्हिएत रणगाडे मात्र पोलादी पडद्यामागे. तिथे टेप घेऊन कोण जाऊ देणार?

आता तिसरं कारण, आणि आमच्या मते सगळ्यात मोठं. ते साच्यात दडलेलं आहे.

किटचा पोलादी साचा फार महाग पडतो. म्हणून कंपनीला असा विषय हवा असतो, की एकदा केलेला साचा पुन्हा पुन्हा वापरता येईल. खालचं धड आणि चाकं तीच, वरचा भाग बदलायचा, की नवं नाव, नवा खोका. या दृष्टीने जर्मन सैन्य म्हणजे सोन्याची खाण. पॅंझर 38(t) घ्या. हा मुळातला चेक रणगाडा, नावातला t चेक या अर्थाचाच. जर्मनीने चेकोस्लोव्हाकिया गिळला तेव्हा तोही हाती आला. त्याच्याच सांगाड्यावर मार्डर तीन, ग्रिल, हेट्झर अशी वेगवेगळी वाहनं निघाली. पॅंझर चारच्या सांगाड्यावर ब्रूमबेअर, यागडपॅंझर चार, विमानविरोधी विर्बेलविंड. विर्बेलविंड किती बनले असतील? सव्वाशेच्याही आत. पण खोक्यांच्या दुकानात विर्बेलविंडला मान अगदी पॅंझर चारच्या बरोबरीचा.

कंपनीच्या नजरेने ही श्रीमंती आहे. आता तुम्ही रणांगणामागच्या दुरुस्ती गोटात उभे आहात अशी कल्पना करा. समोर वेगवेगळ्या जातीची वाहनं आहेत, काही फ्रान्समधून पकडलेले ट्रक, काही चेक, काही ओपेल ब्लिट्झ, आणि एकाचं सामान दुसऱ्याला लागत नाही. रशियात शेकडो किलोमीटर आत, बर्फात, नेमका हवा तो भाग येईपर्यंत गाडी उभी. थोडे थोडे, नाना तऱ्हेचे, सतत बदल करत बनवणं ही त्या सैन्याची मोठी अडचण होती. तीच आमच्या छंदाची मौज आहे. ते हरायचं एक मोठं कारण जे, तेच आमच्या टेबलावर त्यांची गर्दी असण्याचंही कारण. त्या मुलाला हे सांगायला हवं होतं आणि आम्हाला त्या वेळी सुचलं नाही.

हातांना कळणारं एक उदाहरण देतो. समोर हा टायगर ठेवलाय. जे नंतर वाचणार आहेत त्यांच्यासाठी सांगतो, टायगरची चाकं सायकलसारखी एकामागे एक नसतात. पानाच्या विड्यातल्या पानांसारखी एकावर एक चढलेली असतात. एका बाजूला आठ कणे, सुरुवातीच्या टायगरमध्ये प्रत्येक कण्यावर तीन चाकं. म्हणजे बाजूला 24 आणि एकूण 48. जोडताना आणि रंगवताना जीव जातो. 48 चाकांच्या रबरी कडा ब्रशने काळ्या करायच्या म्हणजे दोन संध्याकाळी गेल्याच. पहिल्या टायगरच्या वेळी आमच्या एका मित्राने आतलं एक चाक विसरून बाहेरची सगळी चिकटवली. मग आतलं बसवायला बाहेरची तोडावी लागली. तो वैतागला, पण खऱ्या टायगरच्या मेकॅनिकची कथा हीच होती. 57 टनांचं वजन पसरवायला ही रचना उत्तम. मात्र आतलं चाक निकामी झालं, की आधी बाहेरची काढा. चाकांच्या फटींत चिखल अडके, रात्रीतून तो गोठे आणि सकाळी गाडी हलत नसे. शिवाय रेल्वेने न्यायचं तर रुंदी जास्त व्हायची, म्हणून बाहेरची चाकं काढून अरुंद पट्टे चढवायचे आणि उतरल्यावर पुन्हा उलट. टाकीत 540 लिटर पेट्रोल भरूनही कच्च्या रानात तो जेमतेम शंभर किलोमीटर जाई. हे सगळं त्या 48 चाकांत आहे. चिठ्ठीवर आम्ही फक्त तोफेचा व्यास आणि चिलखताची जाडी लिहिली होती.

अचूकतेचा विषय निघालाच आहे तर रंगांबद्दलही बोलू. या छंदात रंगावरून जेवढी भांडणं होतात तेवढी वारसाहक्कावरून होत नसतील. युद्धाच्या सुरुवातीचे जर्मन रणगाडे कसे रंगवायचे? सगळं गडद करडं, असं वर्षानुवर्षं सर्वांनी धरलं. पुढे कागदपत्रं तपासली गेली तेव्हा दिसलं, की 1940 च्या मध्यापर्यंतचा हुकूम गडद करडा आणि त्यावर गडद तपकिरी, असा दोन रंगांचा होता. फोटो कृष्णधवल, दोन्ही रंग गडद, त्यामुळे तपकिरी दिसतच नव्हता. पोलंड आणि फ्रान्सच्या मोहिमांची मॉडेल्स एका पिढीने चुकीची रंगवली. आमचीही दोन आहेत. पुसून परत रंगवलेली नाहीत, तशीच ठेवली आहेत. गंज हा असाच. गंज रंगवायला फार मजा येते, म्हणून आम्ही सगळेच तो जास्त लावतो. पण यातले कितीतरी रणगाडे कारखान्यातून निघाल्यावर काही महिन्यांतच नष्ट व्हायचे. गंजायला वेळ मिळाला तर ना!

तर आम्ही तपकिरी छटेसाठी दोन दशकं भांडू शकतो. आता ज्या गोष्टींसाठी भांडत नाही, त्यांच्याकडे येऊ.

ऑस्ट्रियात सांक्ट व्हालेन्टिन गावी निबेलुंगेनवेर्क नावाचा कारखाना होता. पॅंझर चार मोठ्या संख्येने तिथे जोडले जात. फर्डिनांड नावाची टाकीनाशक वाहनं, एकूण नव्वदेक, तीही तिथलीच. त्या कारखान्यात सक्तीने आणलेले परदेशी मजूर राबत होते आणि 1944 पासून माउटहाउझेन छळछावणीची एक उपछावणी तिथेच होती. कैद्यांकडून रणगाडे बनवून घेतले जात. क्यूबेलवागन ही छोटी उघडी जीपसारखी गाडी, जिचं किट नवशिक्याला आम्ही हमखास सुचवतो, ती फोक्सवागनच्या कारखान्यात बनली आणि तिथेही सक्तीचे मजूर आणि छावणीतले कैदी होते. किटच्या सूचनापत्रकात वाहनाचा इतिहास चार ओळींत छापलेला असतो. इंजिनाची ताकद असते, वेग असतो. हात कोणाचे होते, हे आमच्याकडच्या एकाही पत्रकात नाही. आम्ही मुद्दाम सगळी काढून पाहिली.

स्वस्तिकाचंही असंच. जर्मनीत दंडसंहितेच्या कलम 86 अ प्रमाणे नाझी चिन्हं दाखवण्यावर बंदी आहे, इतिहास-शिक्षणासारखे अपवाद सोडून. म्हणून विमानांच्या किट्समध्ये हे चिन्ह एक तर नसतं किंवा दोन तुकड्यांत छापलेलं असतं, हवं तर तुम्ही जोडा. रणगाड्यांच्या बाबतीत प्रश्न कमी येतो, कारण त्यांच्यावर बहुधा काळा-पांढरा क्रॉस असे. आपल्याच विमानांनी ओळखावं म्हणून मागच्या बाजूला झेंडा अंथरत, तेवढाच काय तो. पण परिणाम काय होतो बघा. तो क्रॉसवाला रणगाडा एखाद्या सरदार घराण्याच्या रथासारखा दिसू लागतो. तो कोणाच्या हुकमाने, कशासाठी पोलंडात आणि युक्रेनमध्ये शिरला, हे मॉडेलवरून पुसलं जातं. कायदा योग्यच आहे, आमचं त्याबद्दल म्हणणं नाही. एवढंच, की चिन्ह नसलेल्या मॉडेलपुढच्या चिठ्ठीत चार शब्द जास्त लागतात.

आणि घोडे. 1941 च्या जूनमध्ये जर्मनी रशियात घुसली तेव्हा त्या सैन्याबरोबर सहा लाखांहून अधिक घोडे होते. तोफा घोडे ओढत, दाणागोटा घोडे ओढत. बहुतेक सैनिक पायी चालत. रणगाड्यांची दलं ही त्या सैन्याची टोकदार नखं होती, अंग घोड्यांवर आणि पायांवर चालत होतं. घोडागाडीची, शेतातल्या स्वयंपाकगाडीची किट्स निघाली आहेत, नाही असं नाही. पण आमच्या चौघांच्या कपाटांत मिळून किती होती? शून्य.

हे सगळं दूर युरोपातलं, आपला काय संबंध, असं कोणाला वाटेल. संबंध आहे. मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पलटणी इटलीत याच सैन्याशी लढल्या. रायगड जिल्ह्यातल्या माणगाव भागातले नाईक यशवंत घाडगे 10 जुलै 1944 रोजी टायबर खोऱ्यात जर्मन मशिनगनच्या ठाण्यावर एकटे चालून गेले, कारण तुकडीतले बाकीचे सगळे मरून किंवा जखमी होऊन पडले होते. ठाणं त्यांनी घेतलं आणि तिथेच ते गेले. नगर जिल्ह्यातले शिपाई नामदेव जाधव, 9 एप्रिल 1945, सेनिओ नदी. जखमींना पाठीवर घेऊन नदी ओलांडली आणि परत जाऊन मशिनगनची ठाणी गप्प केली. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. जर्मन सैनिकांच्या किटमध्ये मशिनगन असते, 1/35 मध्ये साडेतीन सेंटिमीटरची. देठावरून काढताना हमखास मोडते. हे दोन प्रसंग नीट वाचल्यापासून ती आम्ही जरा वेगळ्या नजरेने हातात घेतो. खरी वस्तू बघायची असेल तर अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात जर्मन 88 मिलिमीटर तोफ आहे, चिलखती गाडीही आहे. शेजारी उभं राहिलं की 35 ने भागणं म्हणजे काय ते अंगावर येतं.

परत त्या मुलाकडे. यंदा त्याच शाळेत पुन्हा प्रदर्शन मांडलं. टायगर एकूण साडेतेराशेच्या आसपास बनले. सोव्हिएत टी-34 युद्धकाळात 50,000 हून अधिक, अमेरिकन शर्मन जवळपास 49,000. म्हणजे एका टायगरमागे 37 टी-34 आणि 36 शर्मन. ही तुलना पूर्ण न्याय्य नाही. जर्मनांकडे पॅंझर चार आणि इतर हजारो वाहनं होती, टी-34 प्रचंड संख्येने नष्टही झाले आणि सगळे शर्मन काही जर्मनांसमोर नव्हते. पण टायगरच टेबलाच्या मध्यभागी ठेवायचा असेल तर बाजूला हेही ठेवावं लागेल. एवढी किट्स घेणं आम्हाला परवडणारं नाही. म्हणून जुन्या खोक्यांच्या पुठ्ठ्याचे 73 आयत कापले, टी-34 साठी 17 बाय साडेआठ सेंटिमीटर, शर्मनसाठी थोडे लहान. टायगरभोवती मांडले तर सव्वा मीटर लांबीचं टेबल भरलं आणि काही पुठ्ठे खाली शाळेच्या बाकावर ठेवावे लागले. मधल्या सुट्टीत दोन मुलींनी ते पुन्हा मोजून काढले, एक कमी भरला. तो पंख्याच्या वाऱ्याने कपाटाखाली गेला होता.

मुलांची गर्दी तरीही टायगरपुढेच जास्त झाली, हे कबूल करतो. पण चाकं 48 का आहेत, हे या वेळी त्यांनी विचारलं, कारण चिठ्ठीवर तोच प्रश्न लिहिला होता. तो मुलगा आता आठवीत आहे. पुठ्ठ्यांकडे बघून म्हणाला, "काका, हे सगळे एकसारखेच कापलेत." आम्ही म्हटलं, हो, तेच तर.

आता प्रश्न असतील तर घेऊ. खाली उतरून मॉडेल्स जवळून बघा, हात लावलात तरी चालेल. फक्त त्या घोडागाडीला नको, डावीकडच्या घोड्याचा मागचा पाय काल रात्रीच चिकटवलाय.